दुधाचा धर्म: अल्तायमधला पांढरा घोडेस्वार

या भागात परकी नावं भरपूर आहेत आणि ऐकताना ती निसटतात, म्हणून लिखित रूपात ती जरा नीट देतोय.

गेम्समध्ये, फॅन्टसी कादंबऱ्यांमध्ये एक ठरलेला साचा तुम्ही पाहिला असेल. घोड्यावरची भटकी टोळी दाखवायची असली की लेखक तिला एक धर्म बनवून देतो. वर आकाशबाप, खाली धरणीमाय, डोंगरात-नदीत आत्मे, आणि हातात डफ घेतलेला एक म्हातारा. झाला धर्म तयार! तो कधीपासून आहे, तर 'अनादी काळापासून'. स्टेपमधल्या लोकांना इतिहास नसतोच, फक्त परंपरा असते, असं आपण गृहीत धरून चालतो.

आजचा धर्म त्या साच्यात बरोबर बसतो. आकाश आहे, डोंगर आहेत, नद्या आहेत, धूर आहे, दूध आहे. पण हा धर्म अनादी वगैरे अजिबात नाही. त्याचं साल माहीत आहे, दरी माहीत आहे, ज्या मुलीपासून तो सुरू झाला तिचं नाव माहीत आहे, आणि कोर्टात त्याचा खटलासुद्धा चालला. साल १९०४. जागा अल्ताय. त्याचे अनुयायी त्याला 'अक जंग' म्हणतात, म्हणजे पांढरा धर्म किंवा पांढरी श्रद्धा. 'सूत जंग' असंही म्हणतात, म्हणजे दुधाचा धर्म. पुस्तकांत त्याचं नाव बुर्खानिझम असं येतं.

आधी जागा समजून घेऊ. नकाशावर रशिया, मंगोलिया, चीन आणि कझाकस्तान या चार देशांच्या सीमा जिथे जवळजवळ एकमेकींना चिकटतात, ते अल्ताय पर्वत. कातुन ही मुख्य नदी. सगळ्यात उंच शिखर बेलुखा, ४५०६ मीटर. डोंगरांच्या मधल्या दऱ्यांत मात्र गवताळ मैदानं आहेत, आणि तिथे अल्ताय लोक घोडे, मेंढ्या, गुरं घेऊन फिरत. भाषा तुर्की कुळातली.

या लोकांचा जुना धर्म म्हणजे ढोबळमानाने शामान लोकांचा धर्म. शामानला तिथे 'काम' म्हणतात. (आपलं 'काम' वेगळं, गोंधळू नका.) त्याचं मुख्य हत्यार 'तुंगूर', म्हणजे मोठा डफच. तो वाजवत शामान वर उल्गेनकडे जायचा किंवा खाली पाताळात एर्लिककडे. एर्लिक माणसाचा आत्मा पळवतो, आजार देतो, मग त्याला काहीतरी देऊन परत पाठवावं लागतं. मोठ्या विधीत घोड्याचा बळी. घोडा मारायचा पण रक्त जमिनीवर सांडू द्यायचं नाही, आणि मग त्याचं कातडं डोक्या-खुरांसकट तिरक्या खांबावर टांगायचं. १९व्या शतकातल्या प्रवाशांनी आणि अभ्यासकांनी या विधीची लांबलचक वर्णनं लिहून ठेवली आहेत. वाचताना अंगावर येतं.

या सगळ्याच्या तळाशी आणखी जुना थर आहे. मंगोलियात ओरखोन नदीच्या खोऱ्यात ८व्या शतकातले तुर्की शिलालेख उभे आहेत. कुल तिगिनचा लेख ७३२ चा, बिल्गे कागानचा ७३५ चा. डॅनिश पंडित विल्हेल्म थॉमसेन याने १८९३ मध्ये ही लिपी सोडवली. त्यात तेंग्री म्हणजे आकाश आहे, उमाय नावाची देवी आहे आणि 'येर-सुब' आहे, शब्दशः भूमी-पाणी. म्हणजे आकाश आणि भूमी-पाणी यांची पूजा तिथे हजार-बाराशे वर्षं तरी जुनी, हे दगडावर लिहिलेलं आहे. ग्रंथ नाही, संस्थापक नाही, धर्माला वेगळं नावही नाही. नाव द्यायची गरज कधी पडते? समोर दुसरा कोणीतरी येऊन उभा राहतो आणि 'तुमचा धर्म कोणता?' असं विचारतो तेव्हा.

अल्तायमध्ये हा प्रश्न विचारणारे रशियन होते.

१८व्या शतकाच्या मध्यापर्यंत दक्षिण अल्ताय हा जुंगार राज्याखाली होता. हे ओइरात मंगोलांचं राज्य, शेवटचं मोठं भटकं साम्राज्य म्हणतात ते. १७५०च्या दशकात चीनच्या चिंग फौजांनी ते अक्षरशः पुसून टाकलं. त्या कत्तलीतून वाचण्यासाठी अल्ताय सरदारांनी १७५६ मध्ये रशियाचा आश्रय मागितला. पुढे दीडशे वर्षांत लोकांच्या आठवणीत जुंगार काळ सोन्याचा होऊन बसला. खरं तर ते राज्यही सक्तीने खंडणी घ्यायचं, पण आठवणीला त्याचं काय! 'ओइरोत खान' नावाचा एक राजा कल्पनेत तयार झाला. ओइरोत हे मुळात लोकांचं नाव, एका माणसाचं नाहीच. आणि हा राजा एक दिवस परत येणार, असं आजे नातवंडांना सांगू लागले.

परत यायला कारणही होतं. अल्तायची जमीन झारच्या खाजगी मालकीची धरली जायची. सरकारची नव्हे, थेट राजघराण्याची. १८६५ मध्ये तिथे रशियन शेतकऱ्यांना वस्ती करायला अधिकृत परवानगी मिळाली, पुढे सैबेरियाची रेल्वे झाली आणि लोंढा वाढला. सपाट, पाण्याजवळचं कुरण आधी नांगराखाली जाणार, हे सांगायला नको. त्यात ऑर्थोडॉक्स चर्चचं अल्ताय मिशन १८३० पासून काम करत होतं. बाप्तिस्मा घेतलेल्याला गावात स्थिर वस्ती, शाळा आणि मिशनचा आधार. न घेतलेल्याची कुरणं आकसत चाललेली. १८९९ मध्ये जमिनीच्या फेरमोजणीचा कायदा आला, आणि भटक्या माणसाला मोजणीदार दिसला की काय वाटतं हे कुठल्याही देशात सारखंच असतं. आता आपल्याला एका जागी बांधणार, बाकीची जमीन जाणार.

ही पार्श्वभूमी लक्षात ठेवा, कारण पुढची गोष्ट परीकथेसारखी सुरू होते.

१९०४ चा वसंत. उस्त-कानजवळ तेरेंग नावाची दरी. चेत चेल्पान हा साधा गुराखी, आणि त्याच्याकडे वाढलेली, मानलेली मुलगी चुगुल, वय बारा ते चौदा. मेंढ्या राखताना तिला एक स्वार दिसला. पांढरे कपडे, पांढरा घोडा. त्याने सांगितलं की ओइरोत खान येतोय, आणि तो येईपर्यंत लोकांनी कसं वागायचं.

हे नियम बघण्यासारखे आहेत. शामानांचे डफ जाळा. रक्ताचा बळी देऊ नका. त्याऐवजी सकाळ-संध्याकाळ आकाशाकडे आणि डोंगरांकडे दूध शिंपडा. अर्चिन जाळा. अर्चिन म्हणजे जुनिपरची झुडपं, धुपासारखा वास येतो. बर्चच्या, म्हणजे आपल्या भूर्जाच्या, झाडांवर पांढऱ्या आणि पिवळ्या फिती बांधा. रशियनांशी मैत्री नको, त्यांच्याबरोबर जेवण नको, आणि त्यांना 'ओरुस' न म्हणता 'बारीक पायांचे' म्हणा. रशियन पैसा जवळ ठेवू नका. तंबाखू सोडा. आणि मांजरं घरात ठेवू नका.

मांजरांवर मी बराच वेळ अडकलो होतो. मला पटणारं उत्तर साधं आहे. मांजर हे घरातलं, कोठारातलं जनावर. उंदीर असतात तिथे धान्य असतं, धान्य असतं तिथे नांगर असतो. फिरस्त्या माणसाच्या डोळ्यांत मांजर म्हणजे रशियन शेतकऱ्याच्या घराची खूण. हा माझा अंदाज, पण बाकीच्या नियमांच्या रांगेत तो चपखल बसतो.

आता नीट बघितलं तर या यादीत दोन शत्रू आहेत. रशियन तर आहेतच, पण त्यांच्याही आधी शामान. लोकांनी आपलाच जुना धर्म 'कारा जंग', म्हणजे काळा धर्म, ठरवला आणि एर्लिकशी संबंध तोडला. ही गोष्ट गोड करून सांगणाऱ्यांवर माझा राग आहे. डफ खरोखर जाळले गेले, शामानांना धमकावलं गेलं, पिटाळलं गेलं. पिढ्यान्‌पिढ्या आजाऱ्याच्या उशाशी बसणारी माणसं एका उन्हाळ्यात 'काळी' झाली. निसर्गपूजा म्हणजे आपोआप सौम्य, असं काही नसतं.

पण त्यांनी असं का केलं असेल? मिशनरी अनेक वर्षं सांगत होते की तुमचा धर्म म्हणजे रक्त, भुतं आणि सैतान. त्याला उत्तर द्यायचं तर 'आमचा देव पांढरा आहे, त्याला रक्त लागत नाही, दूध चालतं' हे मोठं जोरकस उत्तर होतं. शिवाय घोडे कापून कापून कळप संपवणं गरीब माणसाला परवडतही नव्हतं. आमच्या धंद्यात याला फोर्क म्हणतात. जुना कोड उचलायचा, निम्मा फेकायचा, नवीन नाव द्यायचं, आणि मग मूळ प्रकल्पातल्या लोकांशीच सगळ्यात कडाक्याचं भांडण.

आता नावांकडे येतो, हा माझा आवडता भाग. ज्याला लोक हाक मारत होते तो 'अक बुर्खान', पांढरा बुर्खान. बुर्खान हा शब्द जुन्या उइगुर भाषेतून मंगोलांकडे गेलेला, आणि त्याचा अर्थ बुद्ध! 'बुद्ध'चा चिनी उच्चार आणि त्यापुढे 'खान'. म्हणजे अल्तायच्या दरीत दूध शिंपडणारा गुराखी नकळत शाक्यमुनीच्या नावाने हाक मारत होता. दुसरं नाव 'उच कुर्बुस्तान', तीन कुर्बुस्तान. हा कोण? मंगोलांचा खोर्मुस्ता. तो कुठून आला? सोग्दियन व्यापाऱ्यांच्या भाषेतून, आणि त्यामागे इराणचा अहुर मज़्दा. होय, आपल्या मुंबईच्या पारशांचा अहुर मज़्दा. वाटेत बौद्ध पोथ्यांनी त्याला इंद्राच्या जागीही बसवून घेतलं. बेलुखा शिखराचं अल्ताय नाव 'उच-सुमेर', त्यातला सुमेर म्हणजे सुमेरू. मौल्यवान वस्तूला मंगोल 'एर्देन' म्हणतात, तो आपला 'रत्न'.

हे ऐकून लगेच 'बघा, सगळं आपल्याकडूनच गेलं' म्हणू नका, प्लीज. शब्द गेला म्हणजे धर्म गेला असं होत नाही. चेत चेल्पानला गया किंवा सारनाथ ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्याच्यासाठी बुर्खान म्हणजे शेजारच्या मंगोलांकडचा, रशियनांचा नसलेला, प्रतिष्ठित देव. एवढं त्याला पुरेसं होतं.

तेरेंगमध्ये लोक जमू लागले. शेकड्यांनी, मग हजारांनी. दगड रचून वेदी केली, फिती बांधल्या, दूध शिंपडलं, ओइरोत खानाची वाट पाहिली. कोणी हत्यारबंद उठाव केला नव्हता. पण साल विसरू नका. फेब्रुवारी १९०४ मध्ये रशिया-जपान युद्ध सुरू झालेलं. अधिकाऱ्यांच्या कानावर 'पूर्वेकडून राजा येणार' एवढंच गेलं आणि त्यांना जपानी हेर दिसायला लागले. चर्चला आपली मेंढरं पळताना दिसली. शेजारच्या रशियन वस्त्यांत अफवा, की हे आता आपल्यावर चालून येणार. त्याच उन्हाळ्यात पोलीस, मिशनची माणसं आणि काठ्या-बंदुका घेतलेले शेकडो रशियन शेतकरी दरीत घुसले. प्रार्थनेला जमलेल्यांना बदडलं, घरं लुटली, गुरं पळवली. चेत आणि त्याच्या सोबत्यांना अटक झाली.

इथे गोष्ट संपली असती, तर हा भागच केला नसता. खटला १९०६ मध्ये बियिस्क शहरात चालला. मधल्या काळात रशिया युद्ध हरला होता, १९०५ ची क्रांती झाली होती, झारला धार्मिक सहिष्णुतेचा हुकूम काढावा लागला होता. आरोपींच्या बाजूने तज्ज्ञ म्हणून उभा राहिला दिमित्री क्लेमेन्त्स. हा एकेकाळचा क्रांतिकारक, सैबेरियात हद्दपार झालेला, तिथेच मानवशास्त्रज्ञ बनलेला. त्याने कोर्टाला समजावलं की हा कट नाही, ही धर्मसुधारणा आहे. आरोपी निर्दोष सुटले.

विचार करा. ज्या धर्माला दोन वर्षं झाली होती, त्याच्याबद्दल साम्राज्याच्या कोर्टाला ठरवावं लागलं की हा खरा धर्म आहे की बनाव. आणि उत्तर आलं, खरा.

त्यानंतर ओइरोत खान काही आला नाही, पण धर्म पसरला. 'यारलिकची' नावाचे प्रार्थना सांगणारे तयार झाले. पैसे आणि मांजरं यांचे नियम हळूहळू विरघळले. पैसा टाळून दोन हंगामही जगता येत नाही, हे लोकांना कळलंच असणार. दूध, अर्चिन, फिती आणि डोंगर एवढं टिकलं.

मग सुरू झाली मालकीची ओढाताण. १९१८ च्या धामधुमीत अल्ताय नेत्यांनी स्वतःचा कारभार उभारायचा प्रयत्न केला. त्यांचा म्होरक्या ग्रिगोरी चोरोस-गुर्किन, जो खरा तर निसर्गचित्रकार होता. अल्तायचे डोंगर त्याच्याइतके जिव्हाळ्याने कोणी रंगवले नसतील. बोल्शेविकांनी १९२२ मध्ये स्वायत्त प्रदेश दिला आणि त्याला नाव दिलं ओइरोत! राजा आला नाही, पण त्याच्या नावाचा जिल्हा आला. राजधानी उलालाचं नावही पुढे ओइरोत-तुरा झालं. तेव्हा सोव्हिएत अभ्यासक अक जंगला वसाहतवादाविरुद्धची चळवळ म्हणत. दहा-पंधरा वर्षांत वारं फिरलं. तीच चळवळ प्रतिगामी ठरली, जपानधार्जिणी ठरली. म्हणजे झारच्या पोलिसांची जुनी थाप स्तालिनच्या काळात नवीन शिक्का मारून परत आली. यारलिकची आणि शामान, पांढरे आणि काळे, दोघेही एकाच तुरुंगात गेले. गुर्किनला १९३७ मध्ये गोळी घातली. १९४८ मध्ये प्रदेशाच्या नावातून 'ओइरोत' काढून टाकलं, शहराचं नाव गोर्नो-अल्तायस्क झालं. आंद्रेई दानिलिन याने १९३०च्या दशकात या धर्मावर लिहिलेलं पुस्तक छापून यायला १९९३ उजाडलं.

मधे एक पाहुणाही येऊन गेला, ज्याचा आपल्याशी थेट संबंध आहे. निकोलस रोरिख. कुलू खोऱ्यात नग्गरला ज्यांचं घर आजही लोक बघायला जातात, तेच चित्रकार. १९२६ मध्ये ते अल्तायमध्ये वरच्या उइमोन गावी राहिले. पांढरा बुर्खान, ओइरोत हे सगळं त्यांनी शंभाला आणि मैत्रेयाच्या आपल्या कल्पनेत ओवून घेतलं, त्यावर चित्र काढलं, 'अल्ताय-हिमालय' या पुस्तकात लिहिलं. चित्रं सुंदर आहेत, वाद नाही. पण त्यात कुरणाच्या मोजणीचा पत्ता नाही. चुगुलचा स्वार रोरिखांच्या हातात जगाचा तारणहार झाला. तिच्या दरीत तो जमीन वाचवायला आला होता.

१९९०च्या दशकात सोव्हिएत संघ कोसळल्यावर 'तेंग्रीवाद' हा शब्द जोरात आला. कझान, बिश्केक, अल्माटीमधले लेखक, प्राध्यापक, अभियंते सांगू लागले की आम्हा तुर्की लोकांचा एकच प्राचीन, एकेश्वरी, निसर्गस्नेही धर्म होता. किर्गिझस्तानात दस्तान सारिगुलोव हा त्याचा मोठा पुरस्कर्ता २००५-०६ मध्ये राज्य-सचिवपदापर्यंत पोचला. विरोधक म्हणाले, हा शोधून काढलेला धर्म आहे. बरोबर आहे, त्याला दिलेला एकसंध आकार नवाच आहे. पण ओरखोनच्या दगडावरचा तेंग्री त्यांनी शोधून काढलेला नाही. मला स्वतःला ही पुस्तकी तेंग्री-मांडणी कोरडी वाटते. तिच्यात राष्ट्र फार आहे आणि दूध फारच कमी.

अल्तायमध्ये मात्र गोष्ट पुन्हा जमिनीवरच आली. १९९३ मध्ये नतालिया पोलोस्माक यांच्या तुकडीला उकोक पठारावर बर्फात गोठलेली एका स्त्रीची कबर सापडली. पाझिरिक संस्कृतीची, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची, दंडावर गोंदण तसंच शाबूत. देह नोवोसिबिर्स्कला नेला. स्थानिकांनी विरोध केला, की ती आमची पूर्वज आहे, तिला परत झोपवा. सप्टेंबर २००३ मध्ये अल्तायला ७.३ तीव्रतेचा भूकंप झाला. गावं हादरली, आणि लोकांना कारण आधीच माहीत होतं. वैज्ञानिक म्हणाले, तुमचा आणि तिचा वंश एक नाही, भूकंपाचं कारण भूगर्भात आहे. दोन्ही खरं असेल. पण जिच्या पायाखालची जमीन आपण आपली म्हणतो तिला पूर्वज मानायला रक्तच लागतं का? रक्ताऐवजी दूध चालतं, हे तर या लोकांनी १९०४ मध्येच ठरवून टाकलं होतं.

२०१२ मध्ये तिला गोर्नो-अल्तायस्कच्या संग्रहालयात परत आणलं. पठारावर नाही, काचेच्या पेटीत. पठारावरून चीनकडे गॅसची पाइपलाइन न्यायची योजना बराच काळ चर्चेत राहिली आणि तिलाही स्थानिकांनी विरोध केला. मोजणीदारांच्या हातातली साधनं तेवढी बदलली. काराकोलच्या दरीत आजही अक जंगवाले दगडांच्या वेद्यांपाशी जमतात. पांढऱ्या-पिवळ्या फिती बांधतात, अर्चिन पेटवतात, आणि लाकडी पळीने डोंगराकडे दूध उडवतात.